पूर खातं विचारून येत नाही

चिपळूण

चि. मुक्ता हिस,


काल ताईचा फोन आला. तू पीएचडी अर्धवट सोडून कुठल्याशा विमा कंपनीत रुजू होणार म्हणे. तुझ्या पुरावरच्या प्रबंधाला हवामानवाले म्हणतात हे समाजशास्त्र, समाजशास्त्रवाले म्हणतात ही नुसती आकडेमोड, आणि उद्या नोकरीला कुठल्याच विभागात हिला जागा नाही, एवढंच ती सांगू शकली. खरं आहे का हे?

अगं, 22 जुलै 2021 ला आपल्या बाजारपेठेत शिरलेलं पाणी कुठल्या विभागाचं होतं? घाटावर कोसळला तो पाऊस हवामानवाल्यांचा. कोळकेवाडी धरणातून येणारं पाणी इंजिनिअरांचं. डोंगर बोडके झाले नि वाशिष्ठी नदीत गाळ बसला, तो वनवाल्यांचा की भूगर्भवाल्यांचा? गुरुपौर्णिमेच्या तोंडावरचं उधाण समुद्रवाल्यांचं, शिवनदीला खेटून वाढलेली वस्ती नगररचनावाल्यांची. अजूनही दोघं जण चहाला बसले की एक धरणाकडे बोट दाखवतो, दुसरा गाळाकडे. हा सगळा हिशेब एका वहीत मांडायला आपल्या घरातली पोर निघाली, आणि आता तीच वही मिटणार?

रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा 2017 चा शोधनिबंध तूच मला समजावलास. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पामुळे. मी विचारलं, "मग दुकानाचा माळा किती उंच करू?" तू हसली नाहीस. टेप काढून शटरवरची चिखलाची रेघ मोजलीस. 2005 च्या पुराची रेघ कुठवर होती ते शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारत फिरलीस. भोईवाड्यात जाऊन भरतीच्या वेळा लिहून घेतल्यास. माळ्याचं उत्तर मला अजून मिळायचं आहे, मुक्ता.

नकाशावर निळी पूररेषा आहे, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लाल आहे, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सोळा वर्षांत दोनदा बुडालेल्या दुकानदाराला ह्या रेषांचा अर्थ कोण सांगणार? नुसता पाऊस शिकलेला सांगू शकत नाही, नुसती माणसं शिकलेलाही नाही. आणि तू म्हणे सोडतेस!

मला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं, तुला ठाऊक आहे. रत्नागिरीला नावही घातलं होतं. अण्णांना अर्धांगवायू झाला आणि मी गल्ल्यावर बसलो. तक्रार नाही, त्याच गल्ल्यावर ताईचं लग्न झालं. पण परशुराम घाटात दरड आली की लोक रस्ता कधी मोकळा होतो ते बघतात, मी खडकाचे थर बघत उभा राहतो. शिकलो असतो तर काय दिसलं असतं, हे मनातून जात नाही. ते तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी हा सगळा त्रागा.

बरं, आवाज चढला. फेलोशिप महिनोन् महिने अडकते हेही ताईकडूनच कळलं. तू कधी बोलली नाहीस. थकली असशील. विमा कंपनीचं काम हलकं नाही. पुरानंतर पंचनामे आणि क्लेम यांत आम्ही किती खेटे घातले ते तू पाहिलंयस, तिथेही जाणतं माणूस हवंच. जायचं तर ते काम आवडतं म्हणून जा. "तुझी जागा कुठेच नाही" असं कुणी म्हणालं म्हणून जाऊ नकोस. तुझी जागा नसेल तर ती त्यांच्या इमारतीची अडचण, तुझी नव्हे.

प्रबंध पुरा कर, नको कर, गणपतीला मात्र ये. मामीने कुळथाचं पीठ आणि मेतकूट बांधून ठेवलंय. थोडे पैसे तुझ्या खात्यात टाकतोय, परतफेडीची भाषा करायची नाही. जेवण चुकवू नकोस. आणि फार जड वाटलं तर रात्री कितीही वाजता फोन कर; पावसाळ्यात मला तशीही झोप लागत नाही.

तुझा,
मामा