शिळे अन्न : एक आरोग्यपाठ
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी, दोन तासिका)

पाठाची आवश्यकता

खेड्यातील पुष्कळ घरांतून आई दिवस उगवण्यापूर्वीच शेतावर किंवा मजुरीवर जाते. अशा घरी मुलाच्या दुपारच्या जेवणाचा विचार आदल्या रात्रीच करावा लागतो. रात्रीचा भात सकाळी फोडणीस पडतो, उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो, भाकरी व चटणी फडक्यात बांधली जाते. यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. उरलेले अन्न वाया न घालवता ते रुचकर करून खाणे ही आपल्या गृहिणींची जुनी हातोटी आहे. श्रावणात शिळासप्तमीस चूल न पेटवता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याची चालही काही घरांतून आढळते.

तथापि अशाच अन्नाने कधी मुलास उलट्या व जुलाब होतात, आणि दोष मात्र ‘नजर लागली’ म्हणून भलत्यावरच जातो. ‘पुन्हा एक उकळी आणली की अन्न निर्दोष झाले’ हा समज फार दृढ आहे. हा समज अपुरा आहे, हे मुलांस पटवून देणे हाच प्रस्तुत पाठाचा मुख्य उद्देश होय.

शिक्षकाने समजून घ्यावयाची माहिती

अन्न शिजविताना त्यातील बहुतेक जंतू मरतात. परंतु काही जंतूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जिवंत राहतात. भातात आढळणारा बॅसिलस सीरियस हा जंतू या जातीचा आहे. भात कोमट होऊन तसाच पडून राहिला म्हणजे हे बीजाणू रुजतात, जंतू वाढतात, आणि अन्नात एक विष तयार होते. हे विष नुसत्या उकळीने नाहीसे होत नाही. सकाळच्या फोडणीने जंतू मरतील, पण रात्रभरात साठलेले विष भातातच राहील. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून ६ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. नाकातून किंवा हाताच्या जखमेतून अन्नात उतरणाऱ्या जंतूंचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. म्हणून शिजविणे व गरम करणे या दोहोंइतकेच महत्त्व त्यांच्या मधल्या वेळेला आहे.

जंतूंची वाढ साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात होते. शिजलेले अन्न या मधल्या तापमानात २ तासांहून अधिक काळ ठेवू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे.

गणिताशी समवाय

अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या सुमारे २० मिनिटांत दुप्पट होते. शिक्षकाने फळ्यावर १ हा अंक लिहावा व मुलांकडून दुप्पट करीत न्यावे. एका तासाने ८, दोन तासांनी ६४, चार तासांनी ४,०९६ आणि सहा तासांनी २,६२,१४४ ही संख्या येते. प्रत्यक्ष अन्नात वाढीचा वेग कमीअधिक असतो, हे सांगावे. परंतु रात्री ९ वाजता झाकून ठेवलेल्या भाताचे पहाटेपर्यंत काय होत असेल, हे मुलांनी स्वतः केलेल्या या गुणाकारावरून जितके ठसेल तितके व्याख्यानाने ठसणार नाही.

प्रात्यक्षिक पहिले : निवण्याचा वेग

सारखेच गरम पाणी एका तांब्यात व एका परातीत ओतावे. गरम पाणी शिक्षकानेच हाताळावे. दर दहा मिनिटांनी तापमापीने, व ती नसल्यास भांड्यास बाहेरून अलगद हात लावून, दोहोंतील फरक मुलांनी वहीत नोंदवावा. परातीतील पाणी लवकर निवते. यावरून मुले अनुमान काढतील की उरलेले वरण पातेल्यात तसेच ठेवण्याऐवजी पसरट भांड्यात ओतून, ते भांडे गार पाण्यात ठेवल्यास लवकर थंड होईल. ज्या घरी फ्रीज आहे तेथे अन्न असे लवकर निववून आत ठेवावे. फ्रीजमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते, हेही स्पष्ट करावे.

प्रात्यक्षिक दुसरे : ओले व कोरडे

एकाच भाकरीचे दोन तुकडे घ्यावेत. एक उन्हात कडकडीत वाळवावा, दुसऱ्यावर पाणी शिंपडावे. दोन्ही तुकडे काचेच्या वेगवेगळ्या बरण्यांत घालून झाकण घट्ट लावावे व चार-पाच दिवस निरीक्षण करावे. ओल्या तुकड्यावर बुरशी येते. बरणी उघडू नये, हुंगू नये. शेवटी शिक्षकाने तुकडे जमिनीत पुरावेत व बरण्या उकळत्या पाण्याने धुवाव्यात.

यावरून टिकाऊपणाचे कारण कळते. भाकरी, शेंगदाण्याची चटणी व कोरडा झुणका यांत पाणी कमी; लोणच्यात मीठ, आंबटपणा व तेल; म्हणून हे पदार्थ अधिक टिकतात. भात, वरण, उसळ व दूध यांत पाणी भरपूर, म्हणून ते लवकर बिघडतात. मात्र एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. बुरशी डोळ्यांस दिसते; भातातील विष दिसत नाही, त्याला वास येईलच असेही नाही. ‘वास चांगला आहे’ हा पुरावा नव्हे.

घरी अमलात आणावयाचे नियम

१. रात्री तयारी करावी, सकाळी शिजवावे. भाजी निवडणे, डाळ भिजविणे, चटणी कुटणे ही कामे आदल्या रात्री करून ठेवता येतात.

२. फ्रीज नसेल तर भात रात्री उरणार नाही इतकाच शिजवावा. सकाळच्या न्याहारीसाठी भाकरी राखावी.

३. गरम भाकरी डब्यात लगेच कोंडू नये. वाफेचे पाणी होऊन ती ओली होते. वाफ जाऊ देऊन स्वच्छ कोरड्या फडक्यात बांधावी.

४. लागेल तेवढेच अन्न गरम करावे, आणि एकदाच. आमटी ढवळून खळखळून उकळावी. भातावर पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, मधल्या भागातूनही वाफ येईपर्यंत तापवावा. नुसते कोमट करणे सर्वांत वाईट.

५. ताक, चिंच किंवा कोकम घातलेले पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नयेत, ते कळकतात.

शाळेतील आहार

शालेय पोषण आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली, आणि शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखण्याचा नियम आहे. तो काटेकोर पाळावा. परंतु चाखण्याने मीठ कळते, करपलेले कळते, विष कळेलच असे नाही. म्हणून खिचडी वाढण्याच्या वेळेलगत शिजवावी, गरम असतानाच वाढावी, आणि उरलेली दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. मुलांस उलट्या-जुलाब सुरू झाल्यास जलसंजीवनी घोटघोट पाजावी व विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

एक पथ्य

‘आज शिळे कोणी खाल्ले?’ असा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. हात वर करणारे मूल बहुधा सर्वांत गरीब घरचे असते. एकदा लाजलेले मूल पुढे डबा लपवील, किंवा उपाशी राहील, आणि मग हा पाठ उपयोगाऐवजी अपायच करील. ताज्या अन्नाची प्रौढी व शिळ्याची निंदा टाळावी; आहे त्या घरात, आहे त्या साधनांनी अन्न कसे जपावे, हेच शिकवावे. माता-पालक सभेतही हा विषय याच भावनेने मांडावा. पहाटे कामावर निघणाऱ्या आईस दोष देऊ नये. भाताऐवजी भाकरी राखण्याची युक्ती तिच्या उपयोगी पडेल.

स्वाध्याय

१. उकळी आणूनही रात्रीचा भात बाधू शकतो, याचे कारण लिहा.
२. घरातील दहा पदार्थांची ‘लवकर बिघडणारे’ व ‘टिकणारे’ अशी वर्गवारी करा व प्रत्येकाचे कारण सांगा.
३. आजी किंवा आईस विचारून प्रवासासाठी पूर्वी कोणती शिदोरी बांधत, ते लिहून आणा.