पहाडावरचा खो-खो

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेस, तेलंगणाच्या सीमेला लागून, माणिकगडच्या डोंगररांगा पसरलेल्या आहेत. या उंच भागास तेथील लोक नुसते 'पहाड' असे म्हणतात. पहाडावर जिवती हे गाव वसलेले आहे. भोवती सागाची व बांबूची वने, मधूनमधून कापसाची आणि तुरीची शेते व त्यांच्या कडेने गोंड, कोलाम, बंजारा यांचे लहानलहान गुडे आणि तांडे, असा हा मुलूख. तेथील एखाद्या शाळेच्या मैदानावर आज सकाळी तुम्ही गेलात, तर मुलींच्या संघाचा 'खो' असा खणखणीत आवाज तुमच्या कानी पडेल. त्याचे तुम्हांस नवल वाटणार नाही. परंतु मुलांनो, मुलींच्या मुखातील हा आवाज मैदानावर येण्यास फार काळ लागला आहे.

आपल्याकडे स्त्रिया खेळत नसत असे नाही. मंगळागौरीच्या रात्री फुगडी व झिम्मा रंगे; भोंडल्याचा फेर धरला जाई. पहाडावर गोंड आणि कोलाम लोक ढेमसा नाचत. परंतु हे सारे खेळ अंगणातले आणि सणावारांचे. शाळेचा संघ बांधून, नियम पाळून, परगावी जाऊन सामना खेळणे ही गोष्ट मुलींच्या वाट्यास येत नसे. येणार तरी कशी? मुलींना प्रथम शाळेचेच दार उघडावे लागले. १८४८ साली पुण्यास जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंना लोकनिंदा सोसावी लागली. १८८४ साली पुण्यातच हुजूरपागेची मुलींची शाळा सुरू झाली. लिहिण्यावाचण्यासाठी एवढा झगडा, मग धावण्याची कथा काय सांगावी!

इतर देशांतही फारसे निराळे नव्हते. १८९६ साली अथेन्स येथे ऑलिंपिक सामने नव्याने सुरू झाले, त्यांत एकही स्त्री नव्हती. १९०० साली पॅरिस येथे स्त्रियांना प्रथम प्रवेश मिळाला. भारतीय स्त्रिया ऑलिंपिकच्या धावपट्टीवर उतरल्या त्या १९५२ साली, हेलसिंकी येथे. नीलिमा घोष आणि मुंबईच्या मेरी डिसोझा ही त्यांची नावे.

खो-खो हा तर आपल्या मातीतला खेळ. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधण्यास आरंभ केला. त्याच वर्षी विदर्भात, अमरावतीस, श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना झाली. या मंडळाने १९३६ साली बर्लिन येथे जाऊन भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. खो-खोच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाडा येथे झाल्या. महिलांच्या स्पर्धा त्यानंतरच्याच वर्षी कोल्हापुरास भरल्या. कबड्डीतही स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धांना १९५५ साली कलकत्ता येथे प्रारंभ झाला होता. अशा रीतीने मोठ्या शहरांतून मुलींचे संघ उभे राहिले. पहाड मात्र अजून दूर होता.

१९९० च्या सुमारास मी पहाडावरील एका शाळेत शिक्षक होतो. त्या वेळी जिवती हा स्वतंत्र तालुका नव्हता. तालुक्याच्या स्पर्धांसाठी घाट उतरून राजुऱ्यास जावे लागे. आमच्या गावी एस. टी. दिवसातून एकदा येई, आणि पावसाने रस्ता खचला म्हणजे तीही येत नसे. शाळेच्या मागे उतरती, खडकाळ जागा होती. तिलाच आम्ही मैदान म्हणत असू. सागाचे दोन खांब रोवून तेथे मी मुलींचा खो-खोचा संघ बांधू लागलो.

खो-खोस साहित्य लागत नाही. मात्र माणसे लागतात, आणि तीही मोजकी. आठ गडी मधल्या पट्ट्यातील चौकोनांत, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववा गडी पाठलाग करतो. पाठलाग करणाऱ्यास मधला पट्टा ओलांडता येत नाही, आणि घेतलेली दिशा सोडून मागे फिरता येत नाही. पलीकडे पळणाऱ्यास गाठावयाचे असेल, तर त्याने बसलेल्या गड्याच्या पाठीमागून 'खो' द्यावयाचा आणि स्वतः त्याच्या जागी बसावयाचे. 'खो' मिळाल्यावाचून बसलेल्याने उठावयाचे नाही.

माझ्या संघात आठ मुली जमल्या होत्या. कोणाच्या घरी गोंडी बोलत, कोणाच्या घरी कोलामी, कोणाच्या घरी बंजारा बोली. शाळेत सर्वजणी मराठी शिकत होत्या. मैदानावर मात्र 'खो' हा एकच शब्द त्यांना पुरत असे. परंतु नववी मुलगी मिळेना. आणि नववी नसेल तर आठजणींनी नुसते बसून राहावयाचे!

ती नववी मुलगी मला ठाऊक होती. सातवीत शिकणारी एक कोलाम मुलगी, शेळ्यांच्या मागे डोंगरावर धावून वाऱ्यासारखी चपळ झालेली. मी तिच्या गुड्यावर गेलो. तिचा बाप शेतात होता. माझे बोलणे त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, धावून काय भेटते पोरीले?"

मी त्यास प्रमाणपत्राविषयी आणि बक्षिसाविषयी सांगितले. त्याने शेतातील फुटलेल्या बोंडांकडे बोट दाखविले व तो म्हणाला, "वेचणी आली. एक हात कमी झाला, तं कोण भरून देते?"

यावर मजजवळ उत्तर नव्हते. मी निमूटपणे परत आलो. परंतु आमचे बोलणे मुलींच्या कानी गेले होते. पुढच्या रविवारी त्या आठहीजणी, मला न विचारता, त्या शेतात गेल्या आणि दिवसभर त्यांनी मैत्रिणीबरोबर कापूस वेचला. एका हाताऐवजी आठ हात! सायंकाळी बापाने मुलींना एवढेच विचारले, की परगावी रात्री त्यांच्या सोबत कोण राहील. आमच्या शाळेत त्या काळी एकही शिक्षिका नव्हती. तेव्हा शाळेतील स्वयंपाकीण मावशी पुढे झाली आणि म्हणाली, "मी राहीन." अशा प्रकारे आमचा संघ पुरा झाला.

दिवाळीनंतर आम्ही राजुऱ्यास गेलो. मुलींनी गणवेशाच्या झग्यांखाली आपापल्या भावांच्या अर्ध्या विजारी घातल्या होत्या. पायांत काही नव्हते. पहिला सामना त्यांनी सहज जिंकला. दगडगोट्यांवर तोल सांभाळून धावण्याची सवय असल्यामुळे त्यांचे पाय हलके पडत आणि त्या कोणाच्या हाती लागत नसत. दुसऱ्या सामन्यात मात्र निराळेच घडले. प्रतिस्पर्धी मुली अंग झोकून, सूर मारून गडी टिपू लागल्या. आमच्या मुलींनी असे काही पाहिलेच नव्हते. थोडक्या गुणांनी आम्ही हरलो.

परतीच्या वाटेवर कोणी बोलत नव्हते. एस. टी. घाट चढू लागली, तेव्हा त्या कोलाम मुलीने मला विचारले, "गुरुजी, त्या पोरी पडल्या तरी त्यांले लागत काऊन नाही?"

मी म्हणालो, "त्यांच्या मैदानात मऊ माती आहे, म्हणून."

"मग आपल्या मैदानात काऊन नाही?"

मुलांनो, तो प्रश्न ऐकून मी खजील झालो. चार वर्षे मी ते दगड रोज पाहत होतो. त्या दगडांवर मुलींनी कसे धावावे हे मी त्यांना शिकविले. परंतु दगडच काढून टाकावे हे माझ्या मनात कधी आले नाही. पडण्याची भीती नसेल तरच सूर मारता येतो, एवढी साधी गोष्ट शिक्षकास उमगली नाही, ती विद्यार्थिनीला उमगली.

दुसऱ्याच आठवड्यापासून आम्ही कामास लागलो. शाळा सुटल्यावर मुली दगड वेचीत. मुलगेही आपण होऊन मदतीस आले. वेचलेल्या दगडांचा आम्ही उताराच्या बाजूस बांध घातला. मग माती हवी होती. ओढ्याच्या काठचा गाळ टोपल्यांतून डोक्यावर वाहून आणावयाचा, असे ठरले. दोन दिवसांत मुलींच्या माना अवघडल्या आणि मैदानाचा एक कोपराही भरला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. गाळाने काठोकाठ भरलेली एक बैलगाडी शाळेच्या मागे येऊन उभी राहिली. गाडी त्या कोलाम मुलीच्या बापाची होती. तो खाली उतरला, बैल सोडले आणि फावड्याने माती पसरू लागला. मी जवळ गेलो, तेव्हा मान वर न करता तो म्हणाला, "पडन तं लागू नये पोरीले." त्या दिवशी त्याने अशा पाच खेपा केल्या. धावून काय मिळते, हे त्याने मला पुन्हा कधी विचारले नाही.

पुढील वर्षी आमचा संघ राजुऱ्यास अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. चषक आम्हांस मिळाला नाही. परंतु ती मुलगी सातवीनंतर शाळा सोडणार होती, ती दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली; आणि तिच्या मागून तिच्या धाकट्या बहिणीही शाळेत आल्या.

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला आहे. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले; त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्ली येथे खो-खोच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताच्या महिला संघाने नेपाळवर ७८ विरुद्ध ४० गुणांनी विजय मिळविला. त्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. ही वार्ता ऐकली, तेव्हा मला प्रथम आठवली ती गाळाने भरलेली बैलगाडी.

तुम्ही उद्या मैदानावर उतराल, तेव्हा पायाखालची माती एकदा हातात घेऊन पाहा. ती मऊ असेल, तर तुमच्या आधी कोणीतरी तेथील दगड वेचले आहेत. आणि दगड तसेच असतील, तर ते वेचण्याची पाळी तुमची आहे.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहाडावर कोणकोणते लोक राहतात?
(आ) खो-खोमध्ये नवव्या गड्याचे काम कोणते?
(इ) पहिला सामना आमच्या मुलींनी सहज का जिंकला?

२. कारणे सांगा.
(अ) बापाचा प्रश्न ऐकून शिक्षक निमूटपणे परत आले.
(आ) मुलीचा प्रश्न ऐकून शिक्षक खजील झाले.

३. मुलीच्या बापाने शिक्षकांस प्रथम विचारलेला प्रश्न आणि मैदानात माती पसरताना काढलेले उद्गार, यांवरून त्याच्या मनात कोणता पालट झाला असे तुम्हांस वाटते? आठ-दहा ओळींत लिहा.

४. पुढील शब्दांचा व वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : लोकनिंदा, प्रात्यक्षिक, निमूटपणे, खजील होणे, अंग झोकणे, वाट्यास येणे.

५. तुमच्या आजीस किंवा शेजारच्या वयस्क स्त्रीस लहानपणी ती कोणते खेळ खेळत असे, ते विचारा आणि तिने सांगितलेली हकीकत आपल्या वहीत लिहून काढा.