किल्ट : घरीं हातानें शिवावयाचें एक वस्त्र

मिशनच्या शाळांचा इतिहास ज्यांनीं वाचला आहे, त्यांस स्कॉटलंड देशाचें नांव नवें नाहीं. डॉ. जॉन विल्सन १८२९ सालीं मुंबईस आले ते त्याच देशांतून. आणि १८३२ सालीं त्यांनीं काढलेल्या शाळेंतूनच पुढें विल्सन कॉलेज उदयास आलें. त्या देशाच्या डोंगराळ भागांतील, म्हणजे हायलंडमधील, पुरुषांचें वस्त्र तें किल्ट. चित्रांत ती पाहून आपलीं मुलें हंसतात व ‘पुरुषानें घागरा कां नेसावा?’ असें विचारतात. परंतु तेंच वस्त्र हातानें कसें शिवतात हें एकदां समजून घेतलें, म्हणजे हंसूं ओसरून त्याच्या जागीं आदर उत्पन्न होतो, असें आम्हांस वाटतें. म्हणून हा पाठ.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. सतराव्या शतकांत हायलंडमधील लोक मोठी किल्ट नेसत. अरुंद मागावर विणलेल्या लोकरीच्या दोन पट्ट्या जोडून केलेलें तें एक लांबरुंद पांघरूणच होय. कमरेभोंवतीं त्याच्या चुण्या घेऊन ती पट्ट्यानें आवळीत व उरलेला भाग खांद्यावर घेत. रात्रीं पट्टा सोडला कीं त्याचेंच पांघरूण होई. अठराव्या शतकांत वरचा भाग गळून केवळ कमरेखालचा राहिला. तीच लहान किल्ट. १७४५ च्या बंडानंतर, १७४६ सालीं, पार्लमेंटनें कायदा करून हा वेष हायलंडमधील पुरुषांस व मुलग्यांस मना केला. सरकारी फौजेंतील शिपायांस तेवढी मोकळीक होती. पहिल्या अपराधास सहा महिने तुरुंग आणि दुसऱ्यास सात वर्षें समुद्रापलीकडे हद्दपारी, अशी शिक्षा ठरली. १७८२ सालीं तो कायदा रद्द झाला. ज्या वस्त्रासाठीं माणसांस तुरुंग पाहावा लागे, त्यास हंसण्यापूर्वीं क्षणभर थांबावें हें उचित.

आतां शिवणकामाकडे वळूं. कापड लोकरीचें, घट्ट विणीचें, टार्टन नांवाच्या चौकड्यांचें असावें. प्रौढ पुरुषाच्या किल्टेस एकेरी पन्ह्याचें सुमारें आठ वार कापड लागतें. दुहेरी पन्ह्याचें असल्यास चार वार घेऊन तें मधोमध लांबींत चिरतात व दोन तुकडे जोडतात. जोड चुणीच्या आंत लपला पाहिजे. मूळ काठ खालच्या बाजूस ठेवावा. त्यामुळें खालीं दुमड घालावी लागत नाहीं व चुण्या सरळ लोंबतात.

मापें तीन : कमरेचा घेर, नितंबांचा घेर, आणि कमरेपासून गुडघ्याच्या मध्यापर्यंत लांबी. लांबी दुसऱ्यानें मोजावी. स्वतः वांकून मोजल्यास माप चुकतें.

किल्टेचे दोन भाग असतात. पुढें एकावर एक येणारे दोन सपाट पदर आणि मागें चुण्या. ढोबळ मानानें निम्मा घेर पदरांस व निम्मा चुण्यांस द्यावा. समजा, कमर ३५ इंच व नितंब ४२ इंच आहेत. म्हणजे चुण्यांच्या वांट्यास कमरेशीं साडेसतरा इंच व नितंबांशीं २१ इंच आले. चुण्या २८ घेतल्या, तर प्रत्येक चुणी नितंबांशीं पाऊण इंच दिसली पाहिजे व कमरेशीं पांच अष्टमांश इंच. चौकडीची नक्षी दर आठ इंचांनीं फिरून येत असेल व प्रत्येक चुणीवर तीच एक ठळक रेघ आणावयाची असेल, तर २८ चुण्यांस २२४ इंच कापड लागेल. दोन पदरांचे ४२ इंच मिळविले म्हणजे २६६ झाले. आठ वारांचे २८८ इंच. उरलेले २२ इंच कडेच्या खोल चुणीस व दुमडीस उपयोगी पडतात. नक्षी मागेंहि पुढच्यासारखीच दिसावी अशी दुसरी रीत आहे. तींत थोडें अधिक कापड जातें.

खडूनें खुणा करून एकेक चुणी दुमडावी व नितंबरेषेपासून कमरेपर्यंत तिची कड शेजारच्या चुणीस जवळजवळ व बारीक टाक्यांनीं पक्की करावी. दोरा कापडाच्या रंगाचा असावा. नितंबरेषेखालीं चुण्या मोकळ्या ठेवावयाच्या. तेथें केवळ कच्चा दोरा घालावा. सर्व चुण्या झाल्यावर आंतून आडवा धावदोरा घालून त्या एकमेकींशीं बांधाव्या. मग ओलसर फडकें ठेवून इस्त्री करावी, आंत जाड कॅनव्हास व अस्तर लावावें, कमरेस पट्टी जोडावी, आणि चामड्याचे पट्टे व बकलें बसवावीं. कच्चा दोरा सर्वांत शेवटीं काढावा. वरच्या पदराच्या उजव्या कडेस दशा ठेवतात. तेथें लावावयाची पिन मात्र वरच्या पदरांतूनच घालावी. दोनहि पदर टोंचल्यास कापड ताणून फाटतें.

या कामांत खरी कसोटी गणिताची व धीराची आहे. एका चुणीस एक षोडशांश इंचाची चूक म्हणजे कांहींच नव्हे, असें नवशिक्यास वाटतें. परंतु ती चूक २८ वेळां झाली कीं पावणेदोन इंच होतात, व किल्ट अंगास बसत नाहीं. शेवटच्या चुणीवर दिसणारा दोष पहिलीपासून सांचत आलेला असतो. म्हणून दर चार-पांच चुण्यांनंतर टेप लावून पाहावें, आणि माप चुकलें असेल तर उसवण्यास लाजूं नये.

आमच्या विद्यार्थ्यांनीं, मुलींनीं तसेंच मुलांनींहि, सुटींत एवढें तरी करून पाहावें. जाड कापडाची एक वार लांब पट्टी घ्यावी, प्रत्येकीस चार इंच देऊन आठ चुण्या घालाव्या, व त्या खालीं पाऊण इंच आणि वर पांच अष्टमांश इंच ठेवून शिवाव्या. खालीं बरोबर सहा इंच व वर बरोबर पांच इंच आले, तर हात तयार झाला असें समजावें. न आल्यास आईजवळ बसून उसवावें व पुनः शिवावें. नऊवारीच्या निऱ्या रोज न मोजतां सारख्या घेणारे तिचे हात या विद्येचे जुने जाणकार आहेत.