रोजगार हमीचा पैसा कोठून आला?

मंदी असो वा दुष्काळ, सरकारपुढील पेच एकच असतो. लोकांची गरज वाढते, त्याच वेळी तिजोरीतील आवक घटते. अशा वेळी कल्याणकारी खर्च भागविण्याचे मार्ग मोजके आहेत : कर्ज काढणे, अन्य खर्चाला कात्री लावणे, किंवा ज्यांना झळ कमी लागली त्यांच्याकडून कर घेणे. कात्री निघाली की ती प्रथम शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहांच्या अनुदानावर चालते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. कर्जाचा मार्ग केंद्राला जितका मोकळा, तितका राज्यांना नाही. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीनंतर केंद्राने ग्रामीण रोजगार हमीच्या ६१,५०० कोटींच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घातली, आणि त्या वर्षीची तूट कर्जाने भरून काढली. केंद्राचे देणे असलेल्या राज्याला मात्र नव्या कर्जासाठी संविधानाच्या कलम २९३ नुसार केंद्राची संमती लागते.

म्हणूनच तिसऱ्या मार्गाने गेलेल्या महाराष्ट्राचा इतिहास आम्हांस अभ्यसनीय वाटतो.

१९७२ च्या दुष्काळाच्या कहाण्या आपल्या घराघरांत आहेत. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, पाझर तलावाचा भराव घालणे, रस्त्यासाठी माती वाहणे, आणि कामावर मिळणारी सुकडी पदराला बांधून लेकरांसाठी घरी नेणे. या स्मरणिकेच्या अनेक वाचकांचे आईवडील वा आजी-आजोबा त्या गर्दीत असतील. दुष्काळ सरला आणि केंद्राची मदत आटली. भूमिहीनाला मात्र काम दर उन्हाळ्यात हवे असते.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना टिकवायची, तर पैशाचा कायमचा झरा हवा होता. तो शहरात शोधण्यात आला. १९७५ मध्ये नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर व्यवसाय कर बसला. मोटार वाहने, विक्रीकर आणि बागायती जमीन यांतूनही वाटा ठरला. या करांतून जितके उत्पन्न, तितकीच भर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून घालावयाची. १९७७ च्या कायद्याने, ज्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाला, हा निधी आणि कामाचा हक्क एकत्र बांधले. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम, अन्यथा बेकारी भत्ता. (भत्ता किमान एक रुपया रोज, हेही नमूद केले पाहिजे.) दयेवर चालणारे मदतकार्य आणि कायद्याने मागता येणारे काम यांतील अंतर आम्ही फार मोठे मानतो.

कर कोणावर असावा, हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२७ मध्येच मुंबई विधिमंडळातील अर्थसंकल्पीय भाषणात उपस्थित केला होता. प्राप्तिकरात अल्प उत्पन्नास सूट आहे. शेतसारा मात्र एक एकरवाल्यालाही सुटत नाही, हा त्यांचा आक्षेप होता. कर ऐपतीनुसार हवा.

या कसोटीवर व्यवसाय कर अर्धाच उतरतो. कलम २७६ ने त्याला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली, आणि तेथेच थांबली. त्यामुळे आम्हां शिक्षकांच्या वेतनपत्रकात दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, आणि लाखो रुपये पगार घेणाऱ्या कंपनी अधिकाऱ्याच्याही वेतनपत्रकात नेमके तेवढेच.