सड्यावरच्या शेजाऱ्यांविषयी

रत्नागिरी,
१२ एप्रिल

चि. अमेय यास,


परवा फोनवर तू एका दमात तीन बेत सांगितलेस. वरच्या सड्याला जेसीबी लावून सगळा कातळ सपाट करायचा, घराभोवतीचा गडगा काढून तिथे कंपाउंडची भिंत घालायची आणि सर्पमित्राला बोलावून वाडीतले सगळे साप लांब कुठेतरी सोडायला सांगायचे. मुक्ता लहान आहे, गौरीला साप टीव्हीवर दिसला तरी धडकी भरते, हे मला कळतं. फोनवर मी फार बोलले नाही, कारण असलं बोलणं घाईत नीट होत नाही. जेसीबीवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी हे पत्र सावकाश वाच.

आधी माणसांचं बोलू. आरोग्य केंद्रात नोकरी करताना पान लागलेली माणसं मी या हातांनी सांभाळली आहेत. विष काय करतं ते मला कुणी सांगायला नको. आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला जवळजवळ ५८ हजार, आणि त्यातली निम्मी पावसाच्या चार महिन्यांत. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. तेव्हा ‘साप बिचारा काही करत नाही’ असलं गुळमुळीत मी तुला लिहिणार नाही.

फुरसं चावलेला माणूस सुरुवातीला बरा दिसतो. चावल्या जागी आग होते, सूज चढते, पण तो आपल्या पायांनी घरी येतो, चहासुद्धा पितो. मग हिरड्यांतून रक्त यायला लागतं, लघवी लाल होते, आणि तोवर घरच्यांनी भगताकडे एक रात्र घालवलेली असते. अशा पेशंटचं थोडं रक्त आम्ही कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचो आणि वीस मिनिटं नळीला हात लावायचो नाही. मग ती हळूच तिरकी करायची. रक्त गोठून बसलं असेल तर जरा हायसं वाटायचं, तरी तासाने पुन्हा बघायचंच. पाण्यासारखं वाहिलं तर लगेच लस सुरू. त्या वीस मिनिटांत नातेवाईक दारातून नळीकडे कसे बघत असत, ते मी विसरलेले नाही.

पण अशा प्रत्येकाला शुद्धीवर असताना मी एक प्रश्न विचारायची, ‘झालं कसं?’ कुणी गडग्याचा दगड उचलला होता. कुणी काजूबिया वेचताना पाचोळ्यात हात घातला होता. कुणी गवताचा भारा छातीशी धरून उचलला, कुणी रात्री बॅटरी न घेता परसात गेली, कुणी पडवीत जमिनीवर अंथरूण टाकून निजला होता. साप मागे लागून आला आणि चावला, असं एकानेही सांगितलं नाही. यातून मला जे कळलं त्यावरच माझं पुढचं सगळं सांगणं उभं आहे. दंश होतात ते न बघता टाकलेल्या हातापायांमुळे. त्यामुळे उपायही आपल्या हातापायांपासून सुरू करायला हवा.

अंधार पडला की घराबाहेर बॅटरीशिवाय पाऊल नको. लाकडांची रास आणि शेणी भिंतीला टेकून रचू नका, चार हात लांब आणि जमिनीपासून थोड्या उंच ठेवा. भात आणि कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या डब्यात असू दे, कारण उंदीर आले की त्यांच्यामागून नाग, घोणस येणारच. पाचोळा हाताने नको, काठीने परता. मण्यार रात्री फिरते, आणि ती चावलेली पुष्कळदा झोपेत कळतही नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, एवढंच. तिच्यावर खरा उपाय म्हणजे खाट, आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. मुक्ताला तर आजपासूनच.

आणि एवढं करूनही पान लागलंच, तर माणसाला धीर दे, चावलेला अवयव हलू देऊ नको, अंगठ्या-बांगड्या काढ आणि १०८ ला फोन कर. करकचून दोरी बांधणं, ब्लेड मारणं, तोंडाने ओढणं, यातलं काहीही नको. साप मारून डॉक्टरांना दाखवायच्या नादात वेळ घालवू नको. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर मिळून असते. तालुक्याच्या रुग्णालयात ती आहे का, हे या आठवड्यातच जाऊन विचारून ये.

आता सड्याचं. सगळी फुरशी संपवली की प्रश्न मिटेल, हा विचार तुझ्याआधी सरकारनेही करून पाहिला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर इनाम लावलं होतं. लोकांनी लाखांनी फुरशी मारून आणली. इनाम इतिहासजमा झालं, फुरसं आज दीडशे वर्षांनीही आपल्या कातळावर आहे, आणि दवाखान्यात पेशंटही येतातच. तू सडा सपाट केलास तर त्या दगडांखालची फुरशी हवेत विरून जाणार नाहीत. ती उतारावरून खाली येतील, आणि खाली पहिला आडोसा आहे तो तुमच्या पडवीच्या जोत्याचा.

फुरसं तू नीट पाहिलं आहेस का? लांबून, सकाळच्या उन्हात पाहा. हातभरही लांब नसतं. मातकट रंग, दोन्ही अंगांनी नागमोडी पांढरी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. माणूस जवळ आला की पळत नाही, वेटोळ्यावर वेटोळं घासतं, आणि खवल्यांचा असा आवाज येतो की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडल्यासारखे वाटावेत. ती सूचना असते. ज्याने ती ऐकून दोन पावलं मागे घेतली, त्याचं काही बिघडत नाही. मी सड्यावर अनेकदा अशी दोन पावलं मागे गेले आहे.

त्या सड्याला तुम्ही पडीक म्हणता, सातबाऱ्यावरही तसंच लिहिलेलं असतं. पण एकेका सुट्या दगडाखाली काय असतं! पाली, सापसुरळ्या, विंचू, गोम, फुरसं. पावसात कातळावरच्या खळग्यांत पाणी साचलं की बेडूक येतात आणि त्यांच्यामागे दिवड येते. वरून घारी, गरुड फिरतात ते याच शिदोरीवर. साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार तू पवनचक्क्या बघायला म्हणून गेला होतास. तिथला पंख्यासारखा निळा-काळा-केशरी गळा फुलवणारा सरडा ही स्वतंत्र जात आहे, हे शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये जाहीर केलं. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावरून गुरं चारत होती! पुढे २०१८ मध्ये त्याच पठारावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले होते, त्यामुळे सरडे वाढले होते. पण ते सरडे अंगाने हडकलेले, रंगाने फिके, आणि माणूस अगदी जवळ आला तरी न पळणारे होते. नुसते खांब उभे राहिले तर एवढा फरक पडतो, मग दगडन्‌दगड उलथल्यावर काय होईल, ते तूच ठरव.

कलमं लाव, मी अडवत नाही. माझ्या दादाने जशी लावली तशी लाव. जिथे झाड तिथेच खड्डा काढून माती भर, मधला कातळ तसाच राहू दे. पऱ्याच्या बाजूची पट्टी तर अजिबात उघडी करू नको. खर्चही निम्म्यावर येईल.

गडगाही ठेव. नको असेल तर घराला चिकटलेला तुकडा काढ, बाकीचा राहू दे. सकाळी ऊन आलं की त्या चिऱ्यांवर घोरपड येऊन पसरते. ती अंगावर येत नाही, तिच्या शेपटीत किंवा जिभेत विष नसतं. उंदीर, खेकडे, किडे, पक्ष्यांची अंडी खाऊन ती आपली जगते. कोंबडीची दोन अंडी नेईल, तेवढी तिला माफ कर. खुराड्याचं दार संध्याकाळी नीट लावलंस तर तेही जाणार नाही. तिच्यामागे मात्र माणसं हात धुऊन लागलेली आहेत. मटणासाठी कुत्री घालतात, आणि ‘हाथाजोडी’ या नावाने जी मुळी म्हणून विकली जाते, ती मुळी नसतेच, नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. देवघरात लोक भक्तिभावाने पुजतात ते हे. तसंच मांडुळाचं. कधी ना कधी तुला फोन येईल, ‘तुमच्या शेतात दोन तोंडांचा साप आहे का, वजनावर लाखो देऊ.’ गुप्तधन-बिप्तधन काही नसतं. मुकं, मातीत राहणारं, उंदीर खाणारं ते जनावर या फसवणुकीपायी पोत्यात कोंबलं जातं. असा फोन आला तर नंबर लिहून ठेव आणि वनखात्याला कळव. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे सगळे गुन्हे आहेत.

आणखी एक गोष्ट आज उठून कर. भाजीच्या वाफ्यांभोवती जे जुनं मासेमारीचं जाळं बांधलं आहे ते काढ. तुझ्या लक्षातही आलं नसेल, पण सापांचा त्याने फार वाईट जीव जातो. गेल्या पावसाळ्यात इथे शेजारच्या परसात एक धामण अशा जाळ्यात सापडली होती. चांगली पुरुषभर लांब, पिवळसर. सापाचे खवले मागे कललेले असतात, म्हणून तो पुढे घुसतो आणि मागे येता येत नाही. जेवढी धडपड, तेवढा नायलॉनचा धागा आत रुततो. त्या धामणीच्या गळ्याखाली धागा खवल्यांच्या मधून मांसात गेला होता आणि माश्या बसायला लागल्या होत्या. सर्पमित्राने तिचं डोकं ओल्या फडक्यात धरून नखं कापायच्या कात्रीने एकेक फास तोडला. तास गेला. शेवटचा धागा निघाला तरी ती हलेना, मग एकाएकी हिसका देऊन गवतात गेली. जगली की नाही, कोण जाणे. वाफ्याला बांबूचा कूड घाल, नाहीतर मोठ्या चौकटीची तारेची जाळी लाव. घरात उंदरांसाठी चिकट पुठ्ठे आणले असशील तर तेही फेकून दे. त्यावर पाली आणि कवड्या साप चिकटून तडफडत मरतात.

सर्पमित्राविषयी. घरात नाग शिरला, न्हाणीघरात घोणस बसली, तर जरूर बोलाव. वनखात्याचा १९२६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेव. तो येईपर्यंत मुलांना बाहेर काढ आणि एकाने लांबून नजर ठेवा. पण वाडीत धामण दिसली, विहिरीत दिवड दिसली, म्हणून त्याला बोलावू नको. सापाला आपला मुलूख पक्का ठाऊक असतो, बिळं कुठे, पाणी कुठे, ऊन कुठे. दहा कोसांवर नेऊन सोडलेला साप तिथे आडोसा शोधत उघड्यावर फिरत राहतो आणि बहुतेकदा गाडीखाली नाहीतर काठीखाली जातो. पकडलेला साप जवळच, पण माणसांच्या वावरापासून दूर सोडायचा, असं त्याला स्वच्छ सांग. आणि फणा हातात धरून व्हिडिओ काढणारा आला तर त्याला पुन्हा दारात उभा करू नको. गळ्यात साप घालणाऱ्यांनी स्वतःचे जीव तर घालवले आहेतच, पण सापाचंही काही भलं केलेलं नाही.

वेळासच्या कासवांचं तुला अप्रूप आहे, गेल्या वर्षी मुक्ताला पिल्लं दाखवून आणलीस. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने २००२ मध्ये तिथे काम सुरू केलं त्याआधी घरट्यांतली अंडी सर्रास पळवली जायची. गावकऱ्यांनी मनावर घेतलं, अंडी राखली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांत पाहुणे उतरू लागले. मला त्याचा अभिमान वाटतो. पण कासव कुणाला चावत नाही. त्याच्यासाठी गर्दी जमते, फुरशासाठी कधीच जमणार नाही. धामणीला, सापसुरळीला, घोरपडीला अभयारण्य नाही. त्यांचं जगणं तुझ्या गडग्यावर आहे, तुझ्या गाडीच्या वेगावर आहे. पहिला पाऊस पडला की रात्री घाटातून सावकाश ये. डांबर ऊबदार असतं, त्यावर साप येऊन पडतात आणि सकाळी त्यांच्या नुसत्या चपट्या पट्ट्या उरतात.

मुक्ताला भीती घालू नका आणि खोटं धाडसही शिकवू नका. तिला एवढंच पाठ करून घे: साप दिसला की थांबायचं, मागे सरकायचं, मोठ्यांना हाक मारायची, दगड मारायचा नाही. गौरीलाही सांग, पाल दुधात पडली तर दूध फेकायचं ते घाणीमुळे, पाल विषारी नसते. सापसुरळीही नसते. सासूबाईंचा विश्वास बसणार नाही, त्यांच्याशी वाद घालू नको.

पावसाआधी गड्यांना गमबूट लागतील, गवतकापणीला तर हवेतच. तुझ्याकडे नेहमी येणाऱ्या सगळ्यांच्या पायांची मापं मला कळव, बायकांचीसुद्धा, त्यांची मापं दुकानदार ठेवत नाहीत म्हणून आधी सांगून ठेवावी लागतात. पैसे मी देते. बॅटऱ्याही इथूनच घेते. येत्या शनिवारी बाजाराला जाणार आहे, त्याआधी फोन कर, आणि जेसीबीवाल्याला काय सांगितलंस तेही कळव.

तुझी,
आत्या