खोलता येईल असाच लॅपटॉप घ्या

आमच्या सानगडीत लॅपटॉप बिघडला की त्याचा रस्ता ठरलेला असतो. आधी साकोली, तिथे जमले नाही तर भंडारा, आणि सुटा भाग मागवायचा असेल किंवा कंपनीचे सर्व्हिस सेंटर गाठायचे असेल तर थेट नागपूर. जाण्यायेण्याचे भाडे, बुडालेला दिवस आणि तोवर अडलेले काम हा सगळा खर्च यंत्राच्या किमतीत धरायला हवा. तो कोणी धरत नाही. जाहिरातीतला आकडा पाहून यंत्र घरी येते आणि खरी किंमत पुढच्या दोन वर्षांत हळूहळू कळते.

आमच्या घरात हे घडले. माझी पुतणी चित्रे चांगली काढते. कॉलेज करता करता ती लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणे, वाढदिवसाचे बॅनर करायला लागली होती, पण सगळे मोबाइलवर. धानाचा चुकारा जमा झाल्यावर भावाने तिला सणाच्या सवलतीत एक नवाकोरा लॅपटॉप ऑनलाइन मागवून दिला. हलका, दिसायला देखणा, किंमत आवाक्यातली. खोक्यावर लिहिले होते: ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण. सुरुवातीचे काही महिने ठीक गेले. मग विंडोजचे अपडेट अडायला लागले, कारण जागाच उरली नव्हती. ६४ जीबीपैकी निम्म्याच्या आसपास जागा विंडोज स्वतःच खाते. उरलेल्या जागेत ब्राउझर, फाँट, फोटो आणि गिऱ्हाइकांच्या फायली बसवायच्या. त्यात दिवाळीनंतरची मंडई तोंडावर आली.

आमच्या या झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. दिवाळी, भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक होते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. धान घरात येण्याचा काळ आणि नाटकांचा हंगाम एकच. या रंगभूमीची सेवा करणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. प्रत्येक नाटकाला पत्रके लागतात, चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर कलाकारांचे फोटो लागतात. शेवटच्या दिवशी एखादा कलाकार बदलतो आणि अख्खे पत्रक पुन्हा करावे लागते. या घाईत पुतणीचा लॅपटॉप एक फोटो उघडायला कितीतरी वेळ घ्यायचा. साकोलीच्या मेकॅनिककडे नेला. त्याने मागचे झाकण काढले, आत पाहिले आणि म्हणाला, "ताई, रॅम बोर्डालाच चिटकून आहे. हार्डडिस्क म्हणता, ती पण बोर्डातच. याच्यातून काही काढता नाही येत, काही वाढवता नाही येत."

पुढच्या पावसाळ्यात ते यंत्र एका संध्याकाळी बंद पडले ते पडलेच. बोर्ड गेला होता. नवीन बोर्डाचा भाव ऐकल्यावर दुरुस्तीचा विषयच संपला. साठवण बोर्डातच असल्याने तिचे सगळे काम, अर्धवट चित्रे, गिऱ्हाइकांचे मजकूर, तेही त्याच्याबरोबर गेले. त्या दिवशी तिचा उतरलेला चेहरा पाहिल्यापासून कोणी लॅपटॉपचा सल्ला विचारला की मी किंमत आणि कंपनी नंतर बोलतो. आधी एकच विचारतो: हा खोलता येतो का, आणि खोलल्यावर रॅम, साठवण, बॅटरी बदलता येते का?

विकत घेण्याआधी हे कळते. मॉडेलचा पूर्ण क्रमांक घ्यायचा, अर्धा नाही, कारण एकाच नावाखाली आत वेगवेगळे भाग असतात. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या क्रमांकाच्या माहितीपत्रकात रॅमपुढे ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिले असेल तर ती बोर्डाला जोडलेली आहे. ‘एसओ-डिम’ खाच लिहिली असेल तर बदलता येते. काही यंत्रांत थोडी रॅम बोर्डावर आणि एक खाच मोकळी असते, तेही चालेल. साठवणीपुढे ‘ईएमएमसी’ दिसले की ते यंत्र बाजूला ठेवा. ती बोर्डातच असते आणि एसएसडीपेक्षा बरीच मंद चालते. ‘एम डॉट टू एनव्हीएमई’ लिहिले असेल तर ती च्युइंगगमच्या पट्टीएवढी सुटी पट्टी असते, एका स्क्रूवर बसते, आणि बोर्ड गेला तरी बहुधा आतली माहिती काढता येते.

किती घ्यावे? फक्त अर्ज भरणे, अभ्यास, व्हिडिओ पाहणे एवढेच असेल तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. चित्रांचे, फ्लेक्सचे काम असेल तर १६ जीबी. हे मी अंदाजाने सांगत नाही, हिशोब करून पाहा. १० फूट बाय ६ फुटांचा फ्लेक्स दर इंचाला ७२ ठिपके धरून केला तर ८,६४० गुणिले ५,१८४ ठिपके होतात, म्हणजे साडेचार कोटींच्या आसपास. छपाईच्या चार रंगांत त्याच्या एकेका थराला सुमारे १८० एमबी जागा लागते. मंडईच्या फ्लेक्सवर फोटो, नावे, पार्श्वभूमी असे वीस थर सहज होतात. झाले साडेतीन जीबी, आणि विंडोज अजून मोजलेलेच नाही. ४ जीबीच्या यंत्रावर हे काम होणारच नाही, मुलीचा हात कितीही चांगला असो. उपाय म्हणून फ्लेक्स चतुर्थांश मापात करावा आणि अक्षरे, नक्षी इंकस्केपसारख्या रेषांवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करावी. ती कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून जगभर चढले आहेत. त्यामुळे आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवू, असे ठरवत असाल तर त्या वाढीव रॅमचा आजचा भाव आधी विचारून घ्या. काही वेळा १६ जीबीचे यंत्रच स्वस्त पडते.

पडद्याकडे स्वस्तातले गिऱ्हाईक पाहतच नाही. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीत ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. असा पडदा रंगांचा मोठा भाग दाखवतच नाही. केशरी आणि लाल यांतला फरक त्यावर मरतो. चित्रे काढणाऱ्याने ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला आयपीएस पडदा शोधावा. परवडत नसेल तर छपाईच्या दुकानातून वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांचा एक नमुना छापून घ्यावा, प्रत्येक पट्टीखाली तिचे आकडे लिहावेत आणि पडद्यापेक्षा त्या नमुन्यावर विश्वास ठेवावा. पुतणी आता तसेच करते.

नवा लॅपटॉप बजेटात बसत नसेल तर मी जुना, दुरुस्त करून विकलेला ऑफिसचा लॅपटॉप सुचवतो. नव्या पण भिकार यंत्रापेक्षा तो चांगला, हे माझे ठाम मत आहे. मोठ्या कंपन्या काही वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा बदलतात, आणि ते नागपूरच्या सीताबर्डीसारख्या बाजारांत येतात. २०१८च्या पिढीतले लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९०, एचपी एलिटबुक ८४० जी५ ही यंत्रे दुरुस्तीच्या दृष्टीने उत्तम. तिघांतही रॅमच्या दोन खाचा आहेत. टी४८०ला तर दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागून काढता येणारी. आतली चालू असताना मागची बदलता येते, यंत्र बंद करावे लागत नाही. आमच्याकडच्या विजेला हे फार सोयीचे. मात्र टी४८०एस हे वेगळे मॉडेल आहे, त्यात थोडी रॅम बोर्डाला जोडलेली असते. आणि या यंत्रांचे पडदे पुष्कळदा फिके असतात, हेही ध्यानात ठेवा.

जुने घेताना एक रेषा पक्की धरा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या बहुतेक आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालते. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे स्वस्तात निघत आहेत, काहींवर आडमार्गाने विंडोज ११ चढवलेलेही असते. पुढची अपडेट मिळतील याची खात्री नसलेले असे यंत्र घेऊ नका. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांनी टाकूनही देऊ नये. लिनक्स मिंट त्यावर चांगले चालते, मराठी टंकता येते. फक्त अंगठा घेणारे यंत्र किंवा जुना प्रिंटर वापरत असाल तर ते लिनक्सवर चालते का हे आधी तपासा.

दुकानात घाई करू नका. कोणी सोबत ताटकळत असेल तर त्याला चहाला पाठवा. यंत्र बंद करून चालू करा आणि बायोसमध्ये शिरा. तिथे पासवर्ड मागितला तर ते यंत्र परत ठेवा, मग भाव कितीही कमी असो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी स्लॅश बॅटरीरिपोर्ट’ ही आज्ञा दिली की तयार होणाऱ्या अहवालात बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता दिसते. आजची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. प्रत्येक की दाबून पाहा, प्रत्येक पोर्टला पेनड्राइव्ह लावून पाहा, पांढऱ्या पडद्यावर डाग शोधा. बिलावर अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्या. बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आणि जिल्हा ग्राहक आयोग तुमच्या कामाचे. बिल नसेल तर तक्रार शाबित करणे फार अवघड जाते. नवा ऑनलाइन घेणार असाल तर ‘ऑनसाइट सेवा’ आपल्या पिनकोडला खरेच मिळते का, हे कंपनीला फोन करून विचारा. खोक्यावरच्या त्या शब्दांना खेड्यात वेगळा अर्थ असू शकतो.

आता सांभाळण्याबद्दल. विजेपासून सुरुवात करतो, कारण बोर्ड जाण्याची सर्वांत मोठी भीती मला तिचीच वाटते. चार्जर लावून काम करताना लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुधा घराचे अर्थिंग नाही किंवा तुटले आहे. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या बोर्डात कोंबू नका. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, तो खर्च लॅपटॉपपेक्षा घरातल्या माणसांसाठी आहे. रोवणीच्या दिवसांत आकाश कडाडायला लागले की चार्जर आणि वायफायच्या राउटरचा प्लग दोन्ही काढा. बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर हवी. वीज पडते तेव्हा ती इंटरनेटच्या तांब्याच्या तारेनेही आत येऊ शकते.

उन्हाळा बॅटरीचा वैरी आहे. टिनाच्या छपराखालच्या खोलीत मे महिन्यात दुपारी लॅपटॉप चार्ज करू नये. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू ठेवली की बॅटरी जास्त टिकते. लॅपटॉपचा तळ फुगलेला वाटला, टचपॅड वर उचललेले दिसले तर बॅटरी फुगली आहे. त्याच क्षणी वापर थांबवा, चार्जर लावू नका, टोचून पाहू नका.

राइस मिलच्या जवळ किंवा मळणीच्या दिवसांत हवेत कोंडा असतो. तो पंख्यातून आत जाऊन जाळीवर थर धरतो, यंत्र तापते, आणि तापले की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. लोकांना वाटते व्हायरस आला. वर्षातून एकदा, धान उचलून झाल्यावर, मागचे झाकण काढून मऊ ब्रशने जाळी साफ करून घ्यावी. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. गादीवर किंवा उशीवर ठेवून काम करू नये, खालची भोके बंद होतात.

व्हायरस खरोखर येतो तो फुकटच्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरमधून. डिझाइनचे महागडे सॉफ्टवेअर चोरून घालून देणारे खूप भेटतात. त्याची गरज नाही. चित्राला कृता, फोटोला गिंप, अक्षरांना इंकस्केप, आवाजाला ऑडॅसिटी, व्हिडिओला शॉटकट किंवा केडेनलाइव्ह ही सगळी विनामूल्य आणि कायदेशीर आहेत. सवय व्हायला थोडे दिवस लागतात. मजकूर मात्र युनिकोडमध्येच टंका. कृतिदेवमधली जुनी फाइल दुसऱ्या यंत्रावर तो फाँट नसेल तर निव्वळ इंग्रजी अक्षरांच्या गोंधळासारखी दिसते. मुक्ता, बलू असे सुंदर युनिकोड फाँट फुकट मिळतात.

पुतणीकडे आता ऑफिसातून निघालेला जुना लॅपटॉप आहे, रॅम नंतर वाढवलेली. मंडईचे काम निघते. तिच्या फायली तीन जागी असतात: यंत्रात, एका सुट्या डिस्कवर आणि महत्त्वाच्या तेवढ्या गुगलच्या फुकट मिळणाऱ्या १५ जीबीत. सुटी डिस्क ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवत नाही, माझ्या घरी ठेवते. तुमचा लॅपटॉप नवा असो की जुना, दुसरी प्रत नसलेली जी फाइल हरवल्यास तुम्हाला रडू येईल, ती आज झोपण्याआधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा.