प्रिंटरचा पत्ता कुठे हरवतो?

सुट्टीत घरी गेलं की एक काम हमखास आपल्या गळ्यात पडतं. "तू इंजिनीअर होणार ना, मग बघ प्रिंटर का चालत नाही!" पुष्कळदा प्रिंटर ठणठणीत असतो, बदललेला असतो तो त्याचा आयपी अ‍ॅड्रेस. असं का होतं ते पाहू.

आयपीव्ही-४ चा पत्ता ३२ बिट्सचा, म्हणजे एकूण पत्ते साधारण ४२९ कोटी. ते जपून वापरता यावेत म्हणून १९९६ च्या आरएफसी १९१८ मध्ये तीन गट खाजगी नेटवर्कसाठी नक्की केले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१ चे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. त्यामुळे १९२.१६८.१.५ हा पत्ता तुमच्या घरीही असतो आणि शेजाऱ्यांकडेही. सोसायटी वेगळी, फ्लॅट नंबर तोच! बाहेर जाताना राउटर नॅट वापरून सर्वांच्या वतीने एकच पत्ता दाखवतो.

घरात पत्ते वाटतो राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅक्नॉलेज अशा चार निरोपांत काम होतं. पण हा पत्ता भाड्याचा असतो, ठराविक मुदतीचा. मोबाईलला ते चालतं, कारण त्याला कोणी शोधत येत नाही. प्रिंटरला मात्र बाकीचे शोधत येतात. म्हणून त्याचा पत्ता कायमचा हवा.

उपाय दोन आहेत:

१) स्टॅटिक आयपी: समजा राउटर १९२.१६८.१.१ वर आहे आणि तो १०० ते १९९ वाटतो. मग प्रिंटरमध्ये स्वतः १९२.१६८.१.२० भरा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. वाटपातला नंबर घेऊ नका, नाहीतर तोच दुसऱ्याला मिळून कॉन्फ्लिक्ट होईल.

२) रिझर्व्हेशन: प्रिंटरचा ४८ बिट्सचा मॅक अ‍ॅड्रेस राउटरमध्ये नोंदवून त्याच्यापुढे एक आयपी राखून ठेवा. मला हाच उपाय बरा वाटतो, सगळा हिशोब एकाच वहीत राहतो. फक्त मोबाईलसाठी हे करायचं असेल तर आधी त्याचा रँडम मॅक बंद करा.

आणि विंडोजमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होताना दिसला तर समजा, डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. आधी केबल आणि राउटर तपासा.

आता होस्टेलवाल्यांसाठी महत्त्वाचं. घरचा राउटर आणून त्याच्या लॅन पोर्टमध्ये भिंतीवरची केबल खोचली, तर तो पूर्ण विंगला पत्ते वाटायला लागू शकतो! ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता लोक घेतात, गेटवे चुकतो आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सगळ्यांचं नेट बंद. अशा वेळी शोधणाऱ्याला एकेक रूम पालथी घालावी लागते. एका नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारा एकच हवा. तेव्हा आधी नेटवर्क बघणाऱ्या सरांची परवानगी घ्या, आणि केबल वॅन पोर्टमध्येच लावा.